ग्रहांच्या फोटोंना धार किती द्यावी: काय करावे, काय टाळावे

आठ इंची दुर्बिणीतून गुरूचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा, त्यातल्या निवडक फ्रेम एकावर एक रचाव्यात, तर हाती येतो तो एक मऊ, दुधाळ गोळा. पट्टे आहेत, पण जेमतेम. मग रेजिस्टॅक्स या प्रोग्राममध्ये धार देणारा वेव्हलेटचा स्लायडर सरकवला की त्या दुधाळपणातून पट्ट्यांच्या कडा, पांढरे ठिपके, तांबड्या डागाभोवतीची खळगी वर येऊ लागतात. ग्रहांचे फोटो काढणाऱ्याला याहून मोठा आनंद नाही. आणि बहुतेक फोटो बिघडतात तेही याच टप्प्यावर, कारण हात थांबत नाही.

शार्पनिंगचं काम मर्यादित आहे. टिपला गेलेला पण फिका पडलेला तपशील ते ठळक करतं. जे टिपलंच गेलं नाही, ते त्याला आणता येत नाही. दुर्बिणीची मर्यादा काढायचं सूत्र सोपं आहे: ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचं. २०३ मिमीच्या आठ इंची दुर्बिणीसाठी उत्तर येतं ०.५७ आर्कसेकंद. गुरूचं बिंब चांगल्या दिवसांत ४५ आर्कसेकंदांच्या आसपास असतं. म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत साधारण ८० वेगळे बिंदू. पुढच्या सगळ्या सूचना या हिशेबातून येतात.

दुर्बीण अजून बाहेर आहे तोवर

करा: कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, आधी तपासा. ठळक तारा किंचित फोकसबाहेर नेला की त्याची वलयं एकाच केंद्राभोवती दिसली पाहिजेत. ती एका बाजूला सरकलेली असतील तर ग्रहाचा सगळा तपशील त्या बाजूला ओढला जातो, आणि धार दिल्यावर ही ओढ आणखी उठून दिसते.

करा: दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला नाही तर नळीतच हवा हलत राहते. आपल्याकडे यात गच्चीच्या स्लॅबची भर पडते. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतं आणि ग्रहाचा प्रकाश नेमका त्याच हवेतून येतो. मातीचं अंगण किंवा हिरवळ मिळाली तर उत्तम. गच्चीच हाताशी असेल तर मध्यरात्रीनंतरची वेळ धरा.

करा: ग्रह माथ्यावर येईपर्यंत थांबा. याबाबत महाराष्ट्रातल्या निरीक्षकांना मोठी अनुकूलता आहे आणि तिचा पुरेसा फायदा घेतला जात नाही. २०१९ साली गुरू आकाशाच्या दक्षिण भागात होता, तेव्हा लंडनहून तो जास्तीत जास्त १६ अंश वर येत होता आणि पुण्याहून ४९ अंश. ग्रह खाली असला की वातावरण त्याचा प्रकाश लोलकासारखा पसरवतं. एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला तांबडी किनार येते. ही किनार तशीच ठेवून धार दिली तर प्रत्येक पट्ट्याला दोन कडा दिसतात. एडीसी नावाचा प्रिझमचा जोड असेल तर तो वापरा. नसेल तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही थर एकमेकांवर नीट बसवून घ्या, आणि मगच धारेकडे वळा.

टाळा: गुरूचा लांबलचक व्हिडिओ. गुरू स्वतःभोवती पावणेदहा ते दहा तासांत फिरतो, म्हणजे मिनिटाला ०.६ अंश. बिंबाच्या मध्यावरचा ठिपका त्यामुळे मिनिटाला जवळपास पाव आर्कसेकंद सरकतो. दोन मिनिटांत अर्धा. आठ इंची दुर्बिणीची मर्यादा ०.५७, तेव्हा दोन मिनिटांपुढे गेलात की तपशील फरफटायला सुरुवात झाली. ही फरफट शार्पनिंगने दुरुस्त होत नाही. जास्त फ्रेम हव्या असतील तर दोन-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ घ्या आणि विनजुपोसमध्ये फिरण्याचा परिणाम काढून ते एकत्र करा. शनीला याच्या दुप्पट वेळ सहज चालतो. मंगळ लहान आणि सावकाश, त्याला आठ-दहा मिनिटंही चालतात.

टाळा: गरजेपेक्षा जास्त मोठं करणारं बार्लो भिंग. कॅमेऱ्याचा पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा, त्याच्या पाचपटीच्या आसपास फोकल रेशो पुरतो. २.९ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एफ/१४ ते एफ/१५. एफ/३० वर गुरू पडद्यावर मोठा दिसतो, पण प्रकाश चौपट पातळ होतो, एक्स्पोजर लांबतं, आणि हवेच्या लहरींनी फ्रेम पुसट होतात. मोठं आणि पुसट चित्र हाती आलं की माणूस साहजिकच जास्त धार देतो. अतिरेकाची सुरुवात पुष्कळदा इथे झालेली असते.

करा: गेन थोडा वाढवायला घाबरू नका. आठ बिटमध्ये, फार कमी गेनवर व्हिडिओ घेतला तर राखाडी छटांच्या पायऱ्या मोजक्याच उरतात. हजारो फ्रेम रचल्या तरी त्या पायऱ्या मिटत नाहीत आणि धार दिली की बिंबावर कांदा चिरल्यासारखी वर्तुळं उमटतात. थोडा नॉइज असला की या पायऱ्या आपोआप एकमेकींत मिसळतात. हा नॉइज पुढे रचताना जातोच.

फ्रेम रचताना

करा: किती टक्के फ्रेम घ्यायच्या ते त्या रात्रीच्या हवेवरून ठरवा. सेकंदाला २०० फ्रेमच्या वेगाने दोन मिनिटांत २४,००० फ्रेम मिळतात. फ्रेम निवडून रचणाऱ्या ऑटोस्टाकर्ट या प्रोग्राममधला फ्रेमच्या दर्जाचा आलेख पाहा. हवा शांत असेल तर निम्म्या घ्या, डळमळीत असेल तर १० ते १५ टक्के. एक गोष्ट ध्यानात ठेवा: नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ४०० फ्रेम रचल्या तर २० पट, ३,६०० रचल्या तर ६० पट. धार देताना नॉइजही वाढतो, त्यामुळे किती धार सोसेल हे इथेच ठरून जातं. फक्त सर्वोत्तम २०० फ्रेम घेऊन चित्र जास्त रेखीव होईल ही समजूत धरून बसू नका. ते आधी रेखीव वाटतं आणि पहिल्याच स्लायडरला खरखरीत होतं.

टाळा: जुळणीचे फार बारीक बिंदू. ऑटोस्टाकर्टमध्ये बिंबावर छोट्या चौकटी पसरता येतात आणि प्रोग्राम प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे जुळवतो. चौकट फारच लहान असली तर तिच्यात ओळखण्याजोगा तपशील नसतो, आणि प्रोग्राम नॉइजलाच तपशील समजून जुळवत बसतो. त्यातून तयार होणारी जाळी धार दिल्यावर ढगांची नक्षी वाटते.

टाळा: रचून मिळालेल्या ‘शार्पन्ड’ प्रतीवर काम करणं. ती प्रत झटपट नजर टाकण्यासाठी असते. काम साध्या प्रतीवर करा, आणि ती १६ बिटच्या टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपेग चित्र आठ-आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबतं. त्याला धार दिली की गुरूवर चौकोन दिसायला लागतात.

धार देताना

करा: कोणत्या थरात काय आहे हे आधी समजून घ्या. वेव्हलेटचा पहिला थर एक-दोन पिक्सेलच्या आकाराचा तपशील हाताळतो, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा त्याच्याही दुप्पट. आता मघाचा हिशेब पुन्हा मांडू. आठ इंची दुर्बीण, एफ/१४.५, २.९ मायक्रॉनचा पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलमध्ये ०.२ आर्कसेकंद. दुर्बिणीला दिसणारी बारीकात बारीक गोष्ट ०.५७ आर्कसेकंदांची, ती पसरते तीन पिक्सेलवर. मग पहिल्या थरात उरतो बहुतांशी नॉइजच. तरीही बहुतेक जण पहिला स्लायडरच सर्वात आधी आणि सर्वात पुढे ओढतात, कारण तो यादीत सर्वात वर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या थरापासून सुरुवात करा. पहिला थर अगदी थोडा उचला, किंवा त्याच्यापुढचं डीनॉइज वाढवून ठेवा. एफ/२५-३० वर टिपलेल्या चित्रात तर दुसऱ्या थरातही फारसं काही नसतं.

करा: साक्षीदार नेमा. फोटो छान दिसतो का, या प्रश्नाचं उत्तर डोळा प्रामाणिकपणे देत नाही. दहा मिनिटं स्लायडर हलवल्यावर तो आधीच्या पायरीला सरावलेला असतो, आणि प्रत्येक नवी पायरी त्याला तेवढीच हवीहवीशी वाटते. म्हणून चित्रातली अशी एखादी गोष्ट धरा, जी खरी कशी असते हे आधीच ठाऊक आहे. गुरूच्या फोटोत एखाद्या चंद्राची सावली बिंबावर पडलेली असेल तर तिच्याइतका चोख साक्षीदार नाही. आयोची सावली म्हणजे सुमारे एक आर्कसेकंदाचा काळा ठिपका. तो पडतो ढगांच्या माथ्यावर, आणि भोवतालच्या ढगांचा उजेड काही त्यामुळे वाढत नाही. आता तिसरा स्लायडर हळूहळू वर न्या आणि फक्त त्या ठिपक्याकडे बघत राहा. आधी करडा, पसरट ठिपका आकसतो, काळा होतो, गोल होतो. इथवर सगळं खरं आहे. आणखी थोडं पुढे गेलात की ठिपक्याभोवती एक फिकट कडं उगवतं. आधी फक्त एका बाजूला, मग पूर्ण गोल. त्या कड्याच्या जागी गुरूवर काहीच उजळ नाही. ते शार्पनिंगने निर्माण केलं. कडं दिसू लागलं, की तिथून मागे या आणि ते जाईपर्यंत या. हेच कडं चित्रातल्या प्रत्येक पट्ट्याच्या काठाला आणि प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याभोवती त्याच वेळी तयार होत असतं, फक्त तिथे ते ‘तपशील’ म्हणून खपून जातं.

सावली नसेल तर चंद्र बघा. गॅनिमीड सुमारे पावणेदोन आर्कसेकंद, आयो सव्वा. बिंबाबाहेरच्या काळ्या आकाशात त्यांच्याभोवती आणखी काळं वलय आलं असेल तर तीच खूण. पण हे वलय दिसण्यासाठी आकाश पूर्ण काळं दाबून टाकलेलं नसावं. पार्श्वभूमी शून्यावर नेली की खुणा लपतात. तपासताना ब्राइटनेस तात्पुरता खूप वाढवून पाहा.

टाळा: एकाच चित्राला तीन ठिकाणी धार देणं. रेजिस्टॅक्समध्ये वेव्हलेट, मग फोटोशॉपमध्ये अनशार्प मास्क, मग फोनवर ‘क्लॅरिटी’. प्रत्येक ठिकाणी थोडीशीच दिली असं वाटतं, पण दुसरी पायरी पहिलीच्या कडांनाच धार लावते.

करा: डीकॉन्व्होल्यूशन वापरत असाल तर थोडक्या आवर्तनांत थांबा. रिचर्डसन आणि लूसी यांनी १९७२ आणि १९७४ साली स्वतंत्रपणे मांडलेली ही पद्धत भक्कम गणितावर उभी आहे. १९९० मध्ये हबल दुर्बिणीच्या आरशातला दोष उघडकीला आला, तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंत चित्रं सावरायला अशाच पद्धतींचा आधार घेतला गेला. मात्र हबलचा दोष नेमका मोजलेला होता. आपल्या गच्चीवरच्या हवेने चित्र किती आणि कसं पुसलं, याचा आपण फक्त अंदाज करतो. अंदाज खऱ्यापेक्षा मोठा धरला की कडेकडेने लाटा उठतात.

टाळा: आधी भरमसाट धार आणि मग ती झाकायला नॉइज रिडक्शन. या जोडीतून येणारा गुरू मेणाचा वाटतो: पृष्ठभाग गुळगुळीत, आणि त्यावर नाण्यावरच्या ठशासारखे उठावदार पट्टे. खऱ्या ढगांचे काठ असे कापलेले नसतात. नॉइज जाणवतो आहे याचा अर्थ या स्टॅकला एवढी धार पेलत नाही, इतकाच घ्या.

टाळा: कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी शार्पनिंगची साधनं, निदान ग्रहांच्या फोटोंना. या विषयात माझं मत ठाम आहे. वेव्हलेट चुकलं तरी ते तुमच्याच पिक्सेलमधून चुकतं, आणि त्याच्या खुणा ओळखता येतात. शिकवून तयार केलेलं साधन मात्र अशी चित्रं कशी ‘असायला हवीत’ हे इतरांच्या चित्रांवरून ठरवतं आणि तुमच्या पुसट भागात तसं काहीतरी बसवतं. ते दिसतं अगदी खरं. त्याच्याभोवती कडं येत नाही, लाटा उठत नाहीत, त्यामुळे पकडायला साक्षीदारच उरत नाही. तारकागुच्छाच्या सजावटीच्या फोटोला कुणी ते वापरलं तर माझा आक्षेप नाही. गुरूवर रोज बदलणाऱ्या ढगांच्या बाबतीत मात्र आहे.

करा: दोन प्रती मिसळा. एक धार दिलेली, एक अगदी सौम्य. गिम्पमध्ये वरच्या थराची अपारदर्शकता ६०-७० टक्क्यांवर आणून पाहा. बहुतेक वेळा तिथेच थांबावंसं वाटतं.

करा: रात्री केलेलं काम सकाळी पुन्हा बघा, आणि मूळ आकारात बघा. ०.२ आर्कसेकंदाच्या हिशेबाने ४५ आर्कसेकंदांचा गुरू २२५ पिक्सेलचा असतो, तितकाच. दीडपटीपर्यंत मोठा केला तर बिघडत नाही. हजार पिक्सेलचा केला की रिकामी जागा भरायचा मोह होतो.

कडांविषयी थोडं वेगळं

गुरूची कड मूळची मंद असते. बिंबाच्या मध्याकडून काठाकडे उजेड हळूहळू उतरत जातो, आणि गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला नसेल त्या महिन्यांत एक कड दुसरीहून जास्त अंधारी असते. अति धारेने याच्या नेमकं उलट होतं: काठावर एक पातळ उजळ रेघ येते आणि गोल गुरू चपटी चकती वाटू लागतो.

मंगळावर हा दोष आणखी फसवा आहे. त्याची उजळ बाजू काळ्या आकाशाला एकदम भिडते. त्या तीव्र कडेमुळे आतल्या बाजूला, कडेला समांतर, एक काळसर कमान तयार होते आणि तिच्या पलीकडे उजळ साल. याचं मूळ प्रकाशाच्या विवर्तनात आहे, त्यामुळे उत्तम दुर्बिणीतही ती पूर्ण टळत नाही. शार्पनिंग तिला ठसठशीत करतं. नवखे निरीक्षक तिला सकाळचं धुकं किंवा काठावरचे ढग समजतात, आणि मंगळाच्या काठावर खरोखरच तसे ढग येत असल्याने घोटाळा वाढतो.

करा: कडेसाठी वेगळी, कमी धारेची प्रत ठेवा आणि मास्क लावून फक्त काठावर ती वापरा. हे लपवू नका, फोटोखाली लिहा.

टाळा: ब्रशने ती कमान पुसून टाकणं. तिच्याबरोबर खरा ढगही पुसला जाऊ शकतो.

दिसलं ते खरं का?

करा: प्रत्येक शंकास्पद तपशील दुसऱ्या व्हिडिओत शोधा. एकाच रात्री लागोपाठ तीन व्हिडिओ घ्या, तिन्ही वेगवेगळे रचा, तिघांना तंतोतंत तीच सेटिंग द्या, आणि चित्रं एकामागून एक झपाझप बदलून पाहा. सहा मिनिटांत गुरू साडेतीन अंशांहून थोडा जास्त फिरतो. खरा ठिपका पट्ट्याबरोबर तेवढाच सरकलेला दिसेल. जो पुढच्या चित्रात गायब होतो, तो नॉइज. जो चौकटीत जागच्या जागी राहतो, ती सेन्सरवरची धूळ. या एका तपासणीइतका वेळ सत्कारणी लावणारं दुसरं काही मला ठाऊक नाही, आणि तरी सर्वात जास्त गाळली जाते तीच.

पुनरावृत्तीच्या जोरावर किती दूर जाता येतं, याचं एक उदाहरण शुक्राचं आहे. फ्रान्सचे हौशी निरीक्षक शार्ल बोयर १९५७ च्या सुमारास आफ्रिकेत ब्राझाव्हिलला होते. लहान दुर्बिणीने त्यांनी शुक्राचे अतिनील छटेकडचे फोटो काढले. आजच्या नजरेला ते फोटो अगदीच पुसट. पण काळसर खुणांची तीच मांडणी सुमारे चार दिवसांनी परत येते, हे त्यांच्या ध्यानात आलं. शुक्राचं वरचं वातावरण चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालतं, हा त्याचा अर्थ, आणि १९७४ मध्ये मरिनर-१० यानाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुसट फोटोंवर हे उभं राहिलं, कारण त्यांत असलेलं थोडंसं वारंवार दिसत होतं.

उलट बाजूचं उदाहरण मंगळावर दिसलेल्या तथाकथित कालव्यांचं. खगोलशास्त्रज्ञ स्क्यापरेल्ली यांनी १८७७ मध्ये रेघा काढल्या, लोवेल यांनी १८९४ पासून फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेतून त्यांचं जाळंच नकाशावर मांडलं. १९०३ मध्ये मौंडर यांनी ग्रिनिचच्या शाळकरी मुलांसमोर रेघा नसलेली, फक्त ठिपके आणि डाग असलेली चित्रं ठेवली आणि ती उतरवून घ्यायला सांगितलं. ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांनी सरळ रेघा काढल्या. मग १९०९ मध्ये आंतोनियादी यांनी पॅरिसजवळच्या मदों इथल्या ८३ सेंटिमीटरच्या भिंगातून, अतिशय स्थिर हवेत, मंगळ पाहिला, तेव्हा त्या रेघांच्या जागी वेडेवाकडे, तुटक डाग दिसले. क्षमतेच्या काठावरचे ठिपके जोडून रेघ करायची सवय डोळ्याला होती. जास्त चढवलेलं वेव्हलेट नॉइजच्या ठिपक्यांचं हेच करतं, आणि गुरूच्या विषुववृत्ताजवळ लोंबणाऱ्या निळसर झिरमिळ्यांच्या गर्दीत हे सहज पचून जातं.

ग्रहागणिक

शनी: कॅसिनी फट सुमारे पाऊण आर्कसेकंदाची. ती आठ इंचीत स्वच्छ यायलाच हवी. एंकी फट मात्र फक्त ३२५ किलोमीटर रुंद, म्हणजे पृथ्वीवरून ०.०५ आर्कसेकंद. जेम्स कीलर यांना ती १८८८ मध्ये दिसली, लिक वेधशाळेच्या ३६ इंची भिंगातून. १४ इंची दुर्बीण आणि उत्तम हवा जुळून आली तर कड्यांच्या टोकांना तिचा मागमूस टिपता येतो. आठ इंचीच्या फोटोत बाहेरच्या कड्याच्या काठाला समांतर कोरीव काळी रेघ आली असेल, तर ती शार्पनिंगने आणली असंच धरा आणि मागे या. शनीला एकंदरीत गुरूपेक्षा कमी धार द्या. त्याचा प्रकाश मंद असतो, स्टॅक खरखरीत निघतो.

शुक्र: साध्या प्रकाशात शुक्राच्या ढगांवर जवळजवळ काहीच दिसत नाही. रंगीत कॅमेऱ्याने, फिल्टरशिवाय घेतलेल्या शुक्रावर पट्टे उमटले तर आनंद मानण्याआधी दुसरा व्हिडिओ तपासा. खुणा हव्या असतील तर अतिनील फिल्टर लागतो.

मंगळ: ध्रुवावरची टोपी पांढरीफक जळू देऊ नका. ती एकदा पांढरी झाली की तिच्याभोवती काळं कडं येणारच.

रंग

टाळा: सॅच्युरेशन शेवटपर्यंत. गुरू मलईच्या आणि फिकट तपकिरी छटांचा ग्रह आहे. तांबडा डाग विटकरीकडे झुकतो, कधी नुसता गुलाबीसर असतो. त्याचा रंग वर्षागणिक बदलतो आणि त्या बदलाची नोंद ठेवली जाते, म्हणून तो हवा तसा भडक करण्यात नुकसान आहे. फिलिपिन्सचे क्रिस्टोफर गो यांना २००६ मध्ये ‘ओव्हल बीए’ हे पांढरं वादळ लालसर झालेलं दिसलं. त्यांचे आधीचे फोटो सारख्याच हाताने रंगवलेले नसते तर तो फरक कळला नसता.

लोकांना देताना

करा: फोटोखाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. दुर्बिणीचा व्यास, कॅमेरा, फिल्टर, किती फ्रेममधून किती घेतल्या, कोणत्या प्रोग्रामने धार दिली, उत्तर दिशा कुठे, हेही.

टाळा: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवणं. फाइल दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

करा: चांगली निरीक्षणं संग्रहांकडे धाडा. स्पेनमध्ये बिल्बाओला, बास्क विद्यापीठात पीव्हीओएल हा ग्रहांच्या फोटोंचा संग्रह चालतो आणि जगभरचे हौशी निरीक्षक तिथे फोटो देतात. २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलेल्या जुनो यानाच्या मोहिमेतही यानाखाली कोणते ढग असतील हे ठरवायला हौशी फोटोंची मदत झाली आहे. संग्रहातल्या अशा फोटोंवरून डागांचं स्थान आणि रुंदी मोजली जाते. तांबडा डाग गेली अनेक दशकं आक्रसतो आहे. हे मोजमाप त्याच्या काठावर चालतं, आणि अति धारेने सर्वात आधी हलतो तो काठच.

ऑस्ट्रेलियाचे अँथनी वेस्ली यांनी १९ जुलै २००९ च्या रात्री गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग टिपला. एखाद्या चंद्राची सावली असेल का, हे त्यांनी आधी पडताळलं. जागा जुळेना. मग त्यांनी इतरांना कळवलं, आणि हवाईमधल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने तो आघाताचा व्रण असल्याचं दाखवलं. एक बाहेरची वस्तू गुरूवर आदळली होती, शूमेकर-लेव्ही धूमकेतू गुरूवर आदळल्यानंतर बरोबर १५ वर्षांनी. वेस्ली यांची दुर्बीण १४.५ इंची होती. ज्याच्या चित्रांत दर रात्री चार-दोन बनावट काळे ठिपके असतात, त्याला हा पाचवा वेगळा ओळखता आला नसता.

करा: रचलेली, धार न दिलेली १६ बिटची फाइल कायम जपा. २४,००० फ्रेमचा ६४० बाय ४८० चा व्हिडिओ सात जीबीच्या पुढे जातो आणि तो कायम ठेवणं प्रत्येकाला परवडत नाही. जागा कमी पडली तर तो पुसा. रंगीत स्टॅक मात्र दोन एमबीचाही नसतो. नावातच तारीख, जागतिक वेळ आणि ग्रह घाला. कुणी तुमच्या फोटोतल्या एखाद्या ठिपक्याबद्दल दोन वर्षांनी विचारलं, तर ही फाइल उघडा, कमी धारेने पुन्हा काम करा आणि दोन्ही प्रती त्यांना पाठवा.